काठ आला का

जिभेखालची आल्याची गोळी अजून विरघळली नव्हती. बोलायला उभं राहण्याआधी ती पुरती विरघळली पाहिजे, हा आजोबांचा दंडक – म्हणून इतोए ती टाळ्याशी घोळवत राहिली, आधी गोड मग तिखट, आणि समोर खुर्च्या भरत गेल्या. नागोयातल्या या दोरखंडाच्या कारखान्याने आज हात दिला, तर लाओसमधल्या नदीकाठच्या आठ गावांना बाळंतपणात अडलेल्या बायकांसाठी इंजिनाची होडी मिळणार होती; नाही दिला, तर आणखी एक पावसाळा वल्ह्यांच्या भरवशावर.

"कुवायामासानना पहिल्याच रांगेत बसवलंय," होडीसाठी मदत गोळा करणाऱ्या त्यांच्या संस्थेतली हिनाको कानाशी पुटपुटली. "तुमचं 'काठ आला का' आलं की रुमाल निघालाच म्हणून समजा."

कारखान्याचे मालक कुवायामा तिकडूनच म्हणाले, "मी रडायचा नाही हं, आधीच सांगून ठेवतो! आमचा दोर भिजला की उलट आखडतो."

सगळे हसले. इतोएही हसली, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे तिला बघवेना. तिथे बुआवान बसली होती – त्या गावांची परिचारिका, खामलाची बहीण. दवाखान्याच्या वाटेवर, वल्ह्यांच्या होडीतच जी गेली ती खामला; इतोए दर सभेत सांगायची ती तिचीच गोष्ट.

मघाशी डबा खाताना बुआवानने आपल्या भातावरचं खारवलेलं आलुबुखार उचलून इतोएच्या भातावर ठेवलं. "हे आंबट तुम्हीच खा, ताई." मग थोड्या वेळाने, मोडक्यातोडक्या जपानीत, "मी मागच्या होडीत होते. नावाडी म्हणाला, झोपेतच गेली. सहा वर्षं मला वाटायचं, एक शब्दही न बोलता गेली. मग तुमच्या पत्रकात वाचलं... 'काठ आला का?' म्हणाली ना ती? तुम्हाला कुणी सांगितलं हो? जाऊ दे. आज तुमच्या तोंडून ऐकीन."

कुणी सांगितलं... आजोबांनी. देवळातल्या चटईवर, हातातला पंखा मिटून आजोबा गात गात प्रवचन करायचे, त्यातली ती आंधळी म्हातारी – पुरातून पलीकडे कथेला निघालेली, होडीत सारखी विचारणारी, काठ आला का. तिथे पंखा एकदा वाजायचा आणि आजोबा थांबायचे. मग चटईवरून, कुणी न सांगता, 'नामु आमिदा बुत्सु' हे अमिदा बुद्धाचं नाम उठायचं, भिजलेल्या जमिनीतून वाफ उठावी तसं. "मी रडवत नाही गं पोरी," ते म्हणायचे, "मी नुसता थांबतो. येतं ते माझं नसतं."

तीन वर्षांपूर्वी, अर्ध्या रिकाम्या सभागृहात खामलाची गोष्ट सांगताना ती थांबली आणि ते वाक्य आपसूक तोंडात आलं. एक बाई रडली. दुसऱ्या वेळी मात्र मी ते आणलं – हो, मीच आणलं. तिसऱ्या वेळी ते छापलं गेलं. होडी मिळाली तर किती जणी वाचतील, हे खरं. आणि बुआवानच्या उशाशी इतके दिवस बहिणीचं म्हणून जे वाक्य आहे, ते मी ठेवलेलं आहे, हेही...

टाळ्या वाजल्या. ती उभी राहिली. नदी सांगितली, गढूळ पाणी सांगितलं, पुढची होडी आणि मागची. आवाज नेहमीसारखाच लागला, याचीच तिला भीती वाटली. ठरल्या जागी ती थांबली.

कुवायामांचा हात खिशाकडे गेला. हिनाकोने मान खाली घातली. बुआवानचे ओठ तिच्याआधीच हलले, त्या वाक्याचा आकार घेऊन वाट पाहत राहिले.

एरवी ती इथे मनात तीन मोजायची. आज मोजणं सुरूच झालं नाही. मागच्या रांगेतून कुणा म्हातारीचं 'नामु आमिदा...' हलकेच आलं आणि इतोएला वाटलं, इतकी वर्षं आपण थांबत नव्हतो, रुमालाची वाट पाहत होतो. गोळी केव्हाच विरघळली होती. जिभेवर तिखटपणा तेवढा उरला होता, चहूकडे पाणी होतं, आणि खामलाच्या त्या होडीत ती पहिल्यांदाच स्वतः बसली होती – काठ आला का, हे आता तिच्या आतून खरोखरच कुणी विचारत होतं.