वसनवहिनीचा फ्रीज

आम्ही मोसुलला परतलो तेव्हा आमच्या गल्लीत घरांच्या आधी फ्रीजच डोळ्यांत भरले. दोरीने, चिकटपट्टीने करकचून बांधलेले, रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले. लढाईत सगळे जीव घेऊन पळाले होते. वीज गेली आणि आतलं मटण, मासे दोन उन्हाळे तसेच कोंडून राहिले. परत आलेली माणसं दार न उघडताच ते बाहेर ढकलून देत होती.

आमचं घर उभं होतं आणि स्वयंपाकघरात फ्रीजही. माझा भाऊ सिनान दोरी घेऊनच आत शिरला.

"हना, धर गं तिकडून. असाच बाहेर काढू."

"थांबा," वसनवहिनी म्हणाली. "मी साफ करणार आहे."

"वेड लागलंय का तुला? भुतालासुद्धा ओकारी येईल."

"मग भुताला अंगणात उभं करा!"

मला वाटलं, तो घाणीला घाबरतोय. अंगणात आल्यावर त्याने हळूच खरं सांगितलं. वरच्या खणात वहिनीच्या आईने ईदसाठी करून दिलेले खिमा भरलेले कुब्बे होते. वहिनीची ही आई पुढे निर्वासितांच्या छावणीतच वारली.

"तिने ते सडलेले बघायला नकोत," तो म्हणाला.

पण वहिनी ऐकेना. तिला शेजारच्या उम्म बशारची काळजी होती. म्हातारीला मधुमेह. जनरेटरवाल्याची वीज गल्लीत आली होती, पण इन्सुलिन ठेवायला धड फ्रीज कुणाकडेच नव्हता. म्हातारी सुई घ्यायला रोज पूल ओलांडून भाच्याकडे पाय ओढत जायची.

तोंडाला फडकी बांधून आम्ही फ्रीज अंगणात आणला. दार उघडलं मात्र, सिनान भिंतीकडे पळाला आणि भडाभडा ओकला. वहिनीने वरचा खण उघडला. कुब्ब्यांची पिशवी तिने दोन्ही हातांनी उचलली. काळं पाणी हातमोज्यांवरून ओघळत होतं. मग बाकीच्या घाणीत न टाकता तिने ती डाळिंबाच्या झाडाखाली पुरली.

नंतर नुसतं घासणं आणि पुसणं. कप्पे आणि खण गरम साबणाच्या पाण्यात बुडवले. आतून सगळीकडे खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, ते पुसून मग व्हिनेगर. दाराच्या रबराच्या घड्यांत वहिनी दात घासायचा जुना ब्रश घालून बसली. काही दिवस दार सताड उघडं ठेवून फ्रीजला ऊन दाखवलं, आत कोळशाची वाटी ठेवली. वास गेला. फ्रीज आत आणून सुरू केला, आणि दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात पुन्हा तोच दर्प.

वहिनीने फरशीवरच बसकण मारली आणि तिला रडू फुटलं.

"आई गेली तेव्हा रडायलासुद्धा कोपरा नव्हता गं," ती मला म्हणाली. "तंबूत जिकडे बघावं तिकडे माणसं."

सिनान दारातून बघत होता. आता हा पुन्हा दोरी आणणार, असं मला वाटलं. तो पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.

"वसन, बर्फ वितळतो त्याचं पाणी जातं कुठं?"

"मला काय माहीत? जातं कुठंतरी."

"त्या कुठंतरीच बघायला पाहिजे. ऊठ."

वीज बंद करून त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला. मागे, मोटारीच्या वर, ते पाणी साठायला एक पसरट तबक बसवलेलं होतं. त्यात बोटभर काळा चिकट थर, मोटार तापली की वास सोडणारा.

"सापडला चोर!" वहिनी ओरडली. गालांवर अजून पाणी होतं आणि ती हसत होती.

तबक दोघांनी मिळून घासलं. पाणी खाली येण्याच्या बारीक भोकातून सोड्याचं कोमट पाणी पुन्हा पुन्हा सोडलं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. फ्रीज परत उन्हात गेला, परत आत आला. दूध वास पटकन धरतं, म्हणून वहिनीने दुधाची उघडी वाटी रात्रभर आत ठेवली आणि सकाळी उम्म बशारला बोलावलं.

म्हातारीने घोट घेतला. तोंड वाकडं केलं. आमचा जीव खाली-वर.

"काय झालं, मावशी? वास येतोय?"

"वास कसला? पाणी घातलंय मेल्या दूधवाल्यानं!"

त्याच दुपारी तिच्या इन्सुलिनची डबी मधल्या कप्प्यात येऊन बसली. पुढे गल्लीतल्या इतरांचीही दुधं, औषधं आली. वहिनीचा कायदा कडक: झाकण नसेल तर आत प्रवेश नाही, सांडलं तर तिथल्या तिथे पुसायचं, आणि शिळं राहिलं तर ज्याचं त्याने न्यायचं.

एकदा उम्म बशार टिग्रिस नदीचा भाजलेला मासा उघड्या ताटात घेऊन आली. वहिनी फ्रीजला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, डबा कुठाय?"

"अगं पोरी, तासाभराचा तर प्रश्न!"

"मिनिटभरही नाही."

"मग ठेवू कुठं मी याला?"

"पोटात," सिनान म्हणाला आणि भाकऱ्या आणायला उठला.