तळाचं हिरवट कडं

मित्रांनो, मी एक जुना, काचेचा फ्लास्क आहे. तुमच्या पुस्तकात मला गोल बुडाचा चंबू म्हणतात. बूडच गोल, त्यामुळे मी जन्मात कधी स्वतःच्या पायावर उभा राहिलो नाही. कायम कुणाच्या तरी चिमट्यात.

माझी उमेदीची वर्षं प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या एका ताईच्या टेबलावर गेली. समुद्रातल्या स्पंज नावाच्या एका जीवात जंतू मारणारा पदार्थ असतो म्हणत, पण तो चिमूटभर मिळवायला ढीगभर स्पंज उपसावे लागत. म्हणून ताई तो साध्या रसायनांपासून, एकेक पायरीने, माझ्या पोटात बनवत होती.

तिच्या वडिलांच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. ते रुग्णालयातून फोन करत.

"झालं का तुझं समुद्राचं औषध? इथे डॉक्टर करवत घेऊन बसलेत."

"बाबा, झालं तरी माणसांना द्यायला वर्षं लागतात."

शेवटच्या पायरीला तांब्याचा क्षार लागे. पदार्थ तयार झाला तो नखावर मावेल एवढाच. शुद्ध करताना निम्मा वाया जाईल या धास्तीने ताईने तो तसाच जंतू तपासणाऱ्या बाईंकडे दिला. जंतू साफ मेले. ताईच्या सरांनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. ताईने बाबांना फोन केला. त्या दिवशी वर्षं लागण्याचा विषय तिने काढलाच नाही. "डॉक्टरांना थोडं थांबा म्हणावं," एवढंच म्हणाली.

माझ्या तळाशी हिरवट कडं राहिलं होतं. मळ समजून कुणीतरी ते घासून टाकलं.

पुढच्या खेपेला पदार्थ भरपूर झाला, नीट शुद्धही केला. जंतू मजेत वाढले. जंतू तपासणाऱ्या बाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या.

"पहिल्या वेळी तांबं काढलं होतंस का गं?"

ताईने नकारार्थी मान हलवली. जंतू तांब्याने मेले होते, आणि तेवढं तांबं माणसालाही सोसत नाही. स्पंजात जंतू मारणारं दुसरंच काही असावं. ते काय, कुणालाच ठाऊक नाही.

तोवर बाबांच्या जखमेतला संसर्ग वर चढला होता. आधी नुसतं पाऊल जायचं होतं, तिथे मांडीपासून पाय गेला.

काम बंद पडलं. घासून घासून माझ्या काचेवर ओरखडे पडले, म्हणून मी आता खिडकीत असतो. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा धुवायला घ्याल, तेव्हा आधी त्याचा तळ उजेडात धरा. विशेषतः सगळे आनंदात असतील तेव्हा.

बाबा अजून ताईला फोन करतात. जेवलीस का, विचारतात. औषधाचं विचारत नाहीत.