कुडपणच्या वाटेची साक्ष

कुडपणच्या गोमाजीने ब्याऐंशी वर्षांत एकदा तरी खरं बोलल्याचा पुरावा अख्ख्या पोलादपूर तालुक्यात नव्हता. वाघाने त्याच्याकडे तपकीर मागितली होती. सावित्री नदीच्या पुरात तो म्हशीचं शिंग धरून महाडच्या बाजारात गेला होता आणि मीठ घेऊन परत आला होता, तेही कोरडं. अशा माणसाला साक्षीला उभं करायची पाळी गावावर आली, म्हणजे बघा.

झालं असं की पठारावरची जमीन एका रिसॉर्टवाल्याने घेतली आणि खिंडीतून उतरणाऱ्या पायवाटेला काटेरी तार ठोकली. त्याच वाटेने पोरं शाळेला जात, आजारी माणूस डोलीतून दवाखान्याला जाई. गाडीरस्त्याने वळसा पडायचा दोन तासांचा. गावाने महाडच्या कोर्टात दावा लावला. वकील होती गोमाजीचीच नात दर्शना. सनद मिळून जेमतेम वर्ष झालेलं. दावा पडला तर वाट जाणारच होती, वर ‘पोरीला वकील करून काय दिवे लागले’ असं म्हणायला निम्मं गाव टपून बसलेलं.

वाटेची जुनी आठवण असलेला आणि महाडपर्यंत उतरू शकणारा म्हातारा गावात गोमाजीच तेवढा उरला होता. कोर्टाच्या पायरीवर ती त्याला पढवत होती. “आबा, हक्क सांगणाऱ्यानंच तो शाबीत करायचा असतो. आपल्याकडे कागद नाही. पण वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, खंड न पडता वाट वापरली, तर कायदा हक्क मानतो.”

“शाना कायदा हाय. काढला कोनी?”

“लई जुना विचार आहे हा. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या लोकांतही दुसऱ्याच्या शेतातून चालायचा हक्क होता. विलायतेत म्हणायचे, आठवणीपलीकडची रीत म्हणजे कायदाच. आपल्याकडे शिवेचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या पंचांपुढे जायचा. जाणता माणूस डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवायचा. खोटं चाललं तर वंशाला बाधेल, म्हणून भ्यायचा.”

“रोमवाले बाकी चांगले. मी गेलतो तवा चा पाजला मला.”

“आबा! आत असलं एक जरी बोललात ना, तर वाट गेली म्हणून समजा.”

गोमाजीने तोंडावर हात ठेवला. ओठांना मुंग्या आल्यागत झालं.

शपथ झाली. समोरचा वकील पांढऱ्या केसांचा, जुना खेळाडू. त्याने सावकाश विचारलं, “खिंडीत वाटेकडेला गोट्यांची रास आहे. ती कसली?”

“सुनांची. कुडपणात लगीन होऊन येनारी सून म्हायेरच्या नदीतला एक गोटा वटीतून आनते न् तिथं ठेवते. मंग गावात पाऊल टाकते. माज्या आयनं ठेवला, बायकोनं ठेवला.”

“असं? गेल्या मे महिन्यात माझ्या पक्षकाराला तुम्ही सांगितलंत की भीम तिथे गोट्या खेळायचा. हात लावील त्याचे केस गळतील.”

कोर्टात खसखस पिकली.

“सांगितलं. तो बुलडोझर घेऊन आलावता ना!”

“म्हणजे तुम्ही थापा मारता.”

“मारतो साहेब. तालुक्यात माज्यावानी कोन मारत नाय.”

“मग आज खरं बोलताय हे कोर्टाने कशावरून मानावं?”

गोमाजीने छाती पुढे काढली. आयुष्यात प्रथमच कुणी त्याच्या कसबाबद्दल नीट विचारलं होतं.

“साहेब, थाप मारायची तं भीमाची मारावी. आज मी काय सांगितलं? चंद्रभागा नावाची एक बाई, माजी आय, शिवथरवरनं चालत आली न् एक गोटा ठेवला. येवढी बारकी थाप मी जन्मात मारली नाय. मारली असती तं माजी अब्रू गेली असती.”

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला.

कमिशनर डोंगर चढून आला. पठारावरचा दगड सगळा खडबडीत, आणि रास मात्र नदीने घासलेल्या गुळगुळीत गोट्यांची. एकशे सदतीस भरले. नव्वदीची येसूबाई खाली बसली आणि तळातला लाल शिरेचा गोटा तिने हाताने चाचपूनच काढला. एकूण बेचाळीस सुनांनी आपापला ओळखला. ठाण्याच्या सुनेने बिल्डिंगच्या बागेतला पांढराशुभ्र आणला होता, तोही लिहून घेतला. तळचे गोटे शेवाळून एकमेकांना चिकटले होते. अशी रास एका रात्रीत कुणी रचत नाही, हे कमिशनरने आपणहून नोंदवलं.

निकाल लागला. वाट गावाची ठरली, तार काढायचा हुकूम झाला. कालपर्यंत टपून बसलेलं निम्मं गाव आता ‘आमची वकील, आमची वकील’ करत दर्शनाच्या मागेपुढे नाचत होतं.

गोमाजी मात्र कोर्टाबाहेर बाकावर बसला होता. “त्यो कागद वाच गो पुन्ना. आयचा भाग.”

दर्शनाने वाचलं, “साक्षीदाराची आई चंद्रभागा हिने विवाहानंतर सदर वाटेने गावात प्रवेश केला, हे कोर्ट ग्राह्य धरते.”

चंद्रभागेने जन्मभर कुडपणची नाचणी पिकवली, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नव्हतं. सरकारी शिक्क्याच्या कागदावर ते आज प्रथम उमटलं होतं. गोमाजीने कागदावर बोट ठेवलं.

“आयचं नाव कुठं हाय, दाव मला.”

दर्शनाने त्याचं बोट धरून त्या ओळीवर नेलं.