दोन पोटांची गाडी

मी मामांच्या अंगणातली करडी गाडी बोलतेय. माझ्या शेजारी पांढरी उभी राहते, ती पूर्ण विजेवर चालते. मी प्लग-इन हायब्रिड. म्हणजे घरच्या भिंतीवरून भरता येईल अशी बॅटरीही माझ्यात आहे आणि पेट्रोलचं इंजिनही आहे. बॅटरी उतरली की इंजिन काम हाती घेतं. आमच्या मेकॅनिकने मला पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा तो मामांना म्हणाला, "हिला दोन पोटं आहेत. दोन्हींची पथ्यं सांभाळा." तेव्हापासून गल्लीत माझं तेच नाव पडलं.

नाव ठेवणाऱ्यांचा मला राग नाही. धड इकडची ना तिकडची, असंही लोक म्हणून गेलेत. पण या दोन पोटांनी मी काय काय निभावलं ते एकदा सांगून टाकावं म्हणते.

कारखान्यातून निघाले ती एका कंपनीच्या साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस होता, मला पॉलिशने चमकवायचा, पण त्याने मला एकदाही चार्जिंगला लावलं नाही. केबल डिकीत तिच्या मूळ पिशवीतच पडून होती. बॅटरीचं सगळं वजन घेऊन मी पेट्रोलवर धावत राहिले आणि साध्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल प्यायले. साहेब मित्रांना सांगायचा, "पर्यावरणाची गाडी आहे आपली." मित्र माना डोलवायचे. मी काय बोलणार? मला चार्जिंगला लावायचंच नसेल तर माझ्यासारखी गाडी घेऊ नका, एवढीच माझी विनंती आहे, ती इथेच करून ठेवते.

साहेबाला नवी गाडी मिळाली आणि मी मामांकडे आले.

मामा डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करतात. ज्यांची मूत्रपिंडं थकलीत त्यांना आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. चुकवून चालत नाही, उशीर करूनही चालत नाही. मामी होत्या तेव्हा मामा त्यांना न्यायचे. मामी गेल्या, पण मामांचा पाय त्या दवाखान्यातून निघेना. तिथल्या ओळखीच्या लोकांना आणणं-सोडणं त्यांनी सुरू केलं आणि तोच त्यांचा व्यवसाय झाला.

मामांची लेक इलेक्ट्रिशियन आहे. जुनी डिझेल गाडी बदलायची वेळ आली तेव्हा तिने वडिलांच्या मागे लकडा लावला होता की घ्यायची तर पूर्ण विजेचीच घ्या. मामा ऐकेनात. पेशंट मागच्या सीटवर आणि गाडी रस्त्यात बंद, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. बापलेकीचं दोन दिवस बिनसलं होतं म्हणे. शेवटी तडजोड म्हणून मला आणलं. तडजोड म्हणून घरात येणं कुणाला आवडतं? पण लेकीने त्याच संध्याकाळी भिंतीवर चार्जर बसवला, डिकीतली पिशवी फाडली, केबल झटकून सरळ केली आणि मला लावली. जन्मात पहिल्यांदा माझी बॅटरी काठोकाठ भरली. सकाळी मी अंगणातून निघाले ती आवाज न करता, आणि मामा फाटक लावायला उतरले ते माझ्याकडे बघतच राहिले. गाडी चालू आहे की बंद, हेच त्यांना कळेना.

गावातल्या गावात फिरायला माझी बॅटरी पुरायची. आठवडे जायचे, पेट्रोलचा काटा हलायचा नाही. मग मधेच मी आपणहून इंजिन थोडा वेळ फिरवून घ्यायची, नाहीतर पेट्रोल शिळं होतं. मामा दचकायचे. लेक सांगायची, "काही नाही बाबा, ती अंग मोकळं करतेय."

माझ्या पेशंटांत गाण्याच्या बाई होत्या. आयुष्यभर गाणं शिकवलेलं, कान तिखट. यंत्रावरून उठल्यावर त्यांना मळमळायचं, डोकं गरगरायचं, आणि त्यात आवाज अगदी सोसायचा नाही. त्यांचं घर टेकडीवर. हिवाळ्यात हीटरला वीज जायची आणि पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर माझी बॅटरी संपायची. इंजिन जागं व्हायचं तशा बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "उठलं का तुमचं बेसूर?" मामा ओशाळायचे. मी त्यांच्याहून जास्त.

मग एक दिवस पांढरी आली.

लेकीने ती स्वतःसाठी घेतली. पेशंट वाढले होते, एकट्या मामांना झेपत नव्हतं, म्हणून तीही या कामात उतरली. खरं सांगते, पांढरीला पाहून माझा चेहरा पडला. तिला इंजिन नाही, ऑइल नाही, सायलेन्सर नाही. माझ्यासारखं तिला वरचेवर मेकॅनिककडे जावं लागत नाही. तिची बॅटरी माझ्या कितीतरी पट. टाकीजवळचा चढ तिला चढ वाटतच नाही. बाई पहिल्यांदा तिच्यात बसल्या आणि घरी उतरताना म्हणाल्या, "आपण निघालो कधी?" यापेक्षा मोठी पावती कुठली? त्या दिवशी मामांनी मला पुसताना जरा जास्त वेळ घेतला.

त्यानंतर दवाखान्यातलं पाणी शुद्ध करणारं संयंत्र बिघडलं. डायलिसिसला पाणी फार लागतं, तेही अगदी स्वच्छ. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्या पेशंटांना घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. आता दोन्ही गाड्या रोज लागणार होत्या. पांढरीला घाटाची फिकीर नव्हती, ती जाऊन येऊन पुरून उरायची. प्रश्न माझा होता. आणि बाईंची वेळ नेमकी मामांच्या फेरीत आली.

पहिल्या दिवशी आम्ही सवयीप्रमाणे घरून विजेवर निघालो. जाताना बाई मजेत होत्या, मागच्या सीटवरच्या शेजारणीला गाण्यातले किस्से ऐकवत होत्या. पण घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंतच माझी बॅटरी संपली. परतीच्या सगळ्या चढाला इंजिन घोंघावत राहिलं. बाईंनी कपाळ खिडकीला टेकवलं होतं. दोनदा थांबावं लागलं. घरी उतरताना त्यांना बेसुराची थट्टाही सुचली नाही, तेच मामांना लागलं.

घरी येऊन ते माझ्यात नुसते बसून राहिले. लेक चहा घेऊन आली आणि शेजारच्या सीटवर बसली. मामा म्हणाले, बाईंना तू तुझ्या गाडीतून ने. ती म्हणाली, नेईन, पण मग माझ्या पेशंटांचं काय? त्यांची तब्येत काय बाईंपेक्षा बरी आहे?

मग तिने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "बाबा, हे बटण कधी दाबलंय?"

मामांनी चष्मा चढवला. तिथे लिहिलं होतं, चार्ज राखून ठेवा.

"जाताना लोकांना त्रास नसतो," लेक म्हणाली. "जाताना पेट्रोल वापरा. वीज परतीला ठेवा."

दुसऱ्या फेरीला मामांनी तेच केलं. घरातून निघतानाच बटण दाबलं. बाईंनी भुवई उंचावली, "आज सकाळीच बेसूर?" मामा नुसते हसले. घाट उतरताना मी चाकांच्या जोरावर आणखी थोडी वीज गोळा केली. हॉस्पिटलाबाहेर उभी राहिले तेव्हा माझ्या बॅटरीत घरून आणलेली वीज जशीच्या तशी होती, वर थोडी कमाईही.

परत निघालो. बाईंना धरून आणलं, मागे बसवलं, पांघरूण घातलं. चढ सुरू झाला. मामांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि डोळे राहून राहून बॅटरीच्या आकड्याकडे जात होते. मी हूं की चूं केलं नाही. वळणामागून वळण गेलं. माथा आला. माथ्यावर मामांनी आरशात पाहिलं, तर बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात पांघरुणाबाहेर. डायलिसिसनंतर गाडीत झोप लागलेली त्यांची ही पहिलीच वेळ. मामांनी वेग आणखी कमी केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला, त्याला त्यांनी हातानेच पुढे जा म्हणून खुणावलं.

लोक विचारतात, तुला कशाचा अभिमान आहे? तर याचा. पांढरीला हे करावं लागलं नसतं, तिच्यात ते मुळातच आहे. साध्या पेट्रोलच्या गाडीला हे करता आलं नसतं. मला विचार करून, राखून ठेवून करावं लागलं, आणि मी ते केलं.

संयंत्र दुरुस्त झालं, फेऱ्या पुन्हा गावातल्या गावात आल्या. आता रोजच्या कामाला पांढरी पुढे आणि मी तिच्या मदतीला. मामाही आता कधी कधी पांढरी चालवतात. रस्त्यात बंद पडेल ही त्यांची भीती हळूहळू गेली, आणि ती माझ्याच संगतीने गेली, असं लेक म्हणते. आठवडेच्या आठवडे पेट्रोल न लागलेलं त्यांनी माझ्याचकडे पाहिलं होतं ना. लोक आता मामांना विचारायला येतात, कोणती घेऊ? मामा उलट विचारतात, घरी चार्जर लावायला जागा आहे का, आणि रोज जाता किती? जागा असेल आणि फिरणं गावातलं असेल तर सरळ पांढरीकडे बोट दाखवतात. मला वाईट वाटत नाही. ते खरं तेच सांगतात.

मग बाईंच्या ताईंचा निरोप आला.

ताई बाईंहून बऱ्याच मोठ्या, दूर डोंगराळ मुलखात लेकाकडे राहतात. अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, पण प्रवास आता झेपत नाही त्यांना. बाई आजारी पडल्यापासून दोघींची भेट नव्हती. निरोप एवढाच होता की एकदा येऊन जा. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या शेवटी दोन उपचारांमध्ये जरा जास्त अंतर असतं, त्यात एक दिवस जाऊन या, पण संध्याकाळी आपल्या अंथरुणावर असायला हवं.

बाईंनी पांढरीच मागितली. साहजिक आहे. लेकीने फोनवर रस्ता काढला. वाटेत दोनदा चार्जिंगला थांबावं लागत होतं. एक चार्जर बंद असल्याच्या तक्रारी होत्या, दुसऱ्यावर रांग असायची. पुढे डोंगरात काहीच नव्हतं. तिने बराच वेळ बोटाने नकाशा मागेपुढे केला. मग फोन खिशात टाकला.

"बाबा, करडी घेऊन जा," ती म्हणाली. "तास-दोन तास बाई चार्जरपाशी बसून काढतील, तेवढी ताकद नाही त्यांच्यात. तो वेळ ताईंचा आहे."

पूर्ण विजेची गाडी घ्या म्हणून वडिलांशी भांडलेली ही मुलगी. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला वाटलं, आता मी या घरात तडजोड राहिले नाही.

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत वीज, मग मोठ्या रस्त्याला पेट्रोल. बाईंनी पुढची सीट मागून घेतली. त्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं, ते छोट्या बाटलीतून त्या एकेक घोट घेत होत्या आणि इंजिनाबद्दल अवाक्षर बोलत नव्हत्या. मामांनी न राहवून विचारलं, आवाजाचा त्रास होतोय का? बाई म्हणाल्या, "होतोय. पण थांबू नका."

दुपारच्या आधी ताईंचं घर आलं. ताई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या होत्या. दोघींनी एकमेकींचे चेहरे चाचपून पाहिले, जणू डोळ्यांवर विश्वास नव्हता. मग ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. मागचा पाइप दिसला असणार.

"तू तर विजेच्या गाडीचं कौतुक सांगायचीस फोनवर," त्या म्हणाल्या. "ही विजेची नाही वाटतं?"

बाईंनी माझ्या टपावर हात ठेवला. उन्हात तापले होते मी, तरी काढला नाही.

"पूर्ण विजेची नाही," त्या म्हणाल्या. "तशी असती तर मी अजून वाटेत असते."

ही गोष्ट आता दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक झालीय. कुणाला लेकीचं बाळ बघायचंय, कुणाला समुद्र. मोकळा दिवस आला की मामांना विचारणा होते, करडी रिकामी आहे का? माझी बॅटरी पूर्वीइतकी भरत नाही, ऑइल जरा लवकर काळं होतं, मेकॅनिक माझी पथ्यं अजून ऐकवतो. चालायचंच. पांढरी पहाटेच तिच्या फेरीला गेली. मामा माझ्या टायरची हवा बघताहेत, आणि आमच्या पेशंटांतले शिंपीकाका पांघरूण काखेत घेऊन फाटकाशी उभे आहेत. त्यांच्या भावाचं घर बरंच लांब आहे. निघते मी.