भिवाचा ओव्हरटाइम

पवना नदीच्या घाटावर बसून भिवाने खिशातली तेलकट चिंधी काढली आणि धुतलेल्या हातांना पुन्हा काळे फासले. नखांतही नीट घातले. ओव्हरटाइम करून आलेल्या माणसाचे हात स्वच्छ असून भागत नाही.

त्याची शिफ्ट साडेतीनलाच सुटली होती. आता सात वाजत आले होते. वीजकपातीमुळे कंपनीने ओव्हरटाइम बंद केल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेवढेच दिवस हा बाबा रोज इथे येऊन बसत होता.

चैन म्हणून नव्हे. त्याच्या बायकोचे, कस्तुराचे, डावे अंग लुळे पडून दोन वर्षे झाली होती. दुपारी शेजारची केसरबाई एकदा डोकावून जाई. बाकी उठवणे, धुणे, भरवणे सगळे भिवाकडे. वस्तीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत. पण महिन्याखाली कस्तुराने अंथरूण ओले केले, तेव्हा त्याने तिचा दंड असा आवळला की पाचही बोटे उमटली. ती ओरडली नाही. तेव्हापासून भिवाला स्वतःच्याच हातांची धास्ती वाटू लागली. सांगणार कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. डोके शांत होईपर्यंत घरी जायचे नाही, एवढेच त्याला सुचले.

तो घरी आला तेव्हा कस्तुरा उशीला टेकून दाराकडेच बघत होती.

"तुमच्या खात्यातले सोपानराव येऊन गेले," ती म्हणाली.

भिवा उंबऱ्यातच थबकला.

"काय म्हणत व्हते?"

"ओव्हरटाइम परत कवा सुरू हुतोय, तुमाला काय कळलंय का, इचारत व्हते."

भिवाने हात पाठीमागे नेले. शरमेने त्याला वर बघवेना. आता ही रडेल, निदान शिव्या तरी घालील, म्हणून तो वाट पाहत राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"मी सांगितलं, बाजाराला गेलेत."

"कस्तुरे, मी..."

"बसत जा की भाईर. मी कुटं नगं म्हनते?" तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "फकस्त किती वाजता येनार, तेवढं खरं सांगून जात जा. त्या अंदाजानं पानी पिते मी."