‘येतो’चं इंग्रजी

शाळेतली पोरं माझ्या पाठीमागे मला अपोस्ट्रॉफी म्हणतात. कारण मी वर कुठेतरी लटकलेली असते आणि नेमकी कशासाठी ते कुणालाच कळत नाही. नाव मला आवडलं होतं. फक्त फळ्यावर लिहिताना त्यांनी स्पेलिंग चुकवलं, म्हणून सगळ्या वर्गाला मी ते दहादा लिहायला लावलं.

नववीला मी इंग्रजी शिकवते, म्हणजे खरं तर चुका वेचते. ‘शी डोन्ट’, ‘डिड नॉट वेन्ट’, ‘डिस्कस अबाउट’, आणि परीक्षा जवळ आली की प्रत्येकाचं ‘पेनिंग’ होणारं डोकं. चूक दिसली की खाली लाल रेघ, आणि दुरुस्त वाक्य वहीत दहा वेळा. वही पुरी नसेल तर माझी सही नाही, आणि माझ्या सहीशिवाय वार्षिक परीक्षेचं प्रवेशपत्र नाही. हा नियम मुख्याध्यापकांनी न वाचताच मंजूर केला. आदल्याच दिवशी त्यांच्या सूचनेतल्या ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ खोडून मी ती सूचना त्यांच्या टेबलावर ठेवली होती. तेव्हापासून मी जिन्यात दिसले की ते बंद फोन कानाला लावतात.

नववीत एक मुलगी आहे, तिला सगळे वकीलीण म्हणतात. अर्ध्या मार्कासाठी ती अर्धा तास भांडू शकते. वडिलांवरच्या निबंधात तिने लिहिलं होतं, ‘माय फादर सेड, आय ॲम कमिंग, अँड वेन्ट टू हिज शिप.’ मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. येतो म्हणाला आणि गेला! भूगोलाचे सर इतके हसले की त्यांच्या चहाने आठवीच्या दोन उत्तरपत्रिका ओल्या झाल्या.

‘कमिंग’ खोडून मी वर ‘गोइंग’ लिहिलं. आठवड्याने वही आली, त्यात बाकी सगळ्या चुका दहा-दहा वेळा सुबक अक्षरात दुरुस्त केलेल्या. या वाक्याची जागा कोरी. विचारलं, तर म्हणाली की ही चूक नाही.

मी तिला समजावलं की इंग्रजीत दाराबाहेर पडणारा माणूस जातो आणि आत शिरणारा येतो. तिथे लाडीगोडी चालत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“पण बाबा ‘जातो’ म्हणालेच नाहीत, मॅडम. ‘येतो’ म्हणाले. मी तिथेच उभी होते.”

नऊ महिन्यांसाठी बोटीवर गेलेल्या त्या माणसाला चौदावा महिना लागला होता, आणि दोन महिन्यांत त्याचा फोन नव्हता. हे तिने भांडणात वापरलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून क्रियापद बदलत नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि ‘आय विल बी बॅक’ लिही म्हणून तडजोड सुचवली. ती म्हणाली, एवढं कबूल करून ते गेले नाहीत, नुसतं ‘येतो’ म्हणाले. मग माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं की शुक्रवारी प्रवेशपत्रं वाटणार आहेत, दहा ओळी लिहिल्या नाहीस तर पुन्हा नववीत बस.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती आली. दहा ओळी लिहिल्या होत्या. ‘आय ॲम गोइंग,’ दहाही वेळा, आणि अक्षर तिचं वाटत नव्हतं इतकं गिचमिड. आपण जिंकलो असं मला वाटलं, आणि त्या वाटण्याची मला अजून शरम येते. मी सही केली. तिने वही दप्तरात कोंबली आणि दाराकडे वळली.

“जाते, मॅडम.”

“जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.”

तोंडातून निघून गेलं. माझ्या आईने मला शंभरदा असंच टोकलं असेल.

पोरगी दारात थांबली. हसली असती तर बरं झालं असतं.

“मग वहीत कुठलं बरोबर, मॅडम?”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी तपासलेली वही परत मागितली. तिच्या दहाही ओळी मी खोडल्या. निबंध काढायला लावला, त्यातलं माझं ‘गोइंग’ खोडलं, खोडलेलं ‘कमिंग’ तसंच ठेवायचं म्हणून त्याखाली ठिपके दिले आणि शेजारी ‘बरोबर’ लिहून पुन्हा सही केली. तिचे बाबा येतील की नाही हे मला ठाऊक नाही. माझ्या सहीखाली चुकीचं इंग्रजी जगात एवढंच आहे, आणि कुणी ते दुरुस्त करायला आला तर त्याची खैर नाही.