साठवलेली मापं

जोडे करणाऱ्या मामांचा कॉम्प्युटर सोमवारी सकाळी चालता चालता निळा पडला, आणि पुन्हा म्हणून सुरू झाला नाही. पंखा फिरे, दिवा लागे, काळ्या पडद्यावर एक ओळ उमटे आणि तिथेच मुक्काम. मामांनी त्याला दोन थापडाही देऊन पाहिल्या.

मामांचे जोडे साधे नसत. कुणाचा पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाला बोटंच नाहीत, अशांसाठी ते जोडे करत. दोनशे बारा माणसांची मापं त्या डब्यात होती. मापांच्या वह्या मामांनी नऊ वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर घेतला त्याच महिन्यात, रद्दीत घातल्या होत्या. हौस दांडगी! आता मापं गेली म्हणजे दुकानही गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी भाची आली. "कामापुरती भाची बरी आठवते तुला," म्हणत तिने झाकण उघडलं. आतून मूठभर चामड्याचा भुगा निघाला. तो तिने ब्रशने काढला, मेमरीची पट्टी पुसून बसवली. तेच. केबल बदलली. तरी तेच. मग स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, तर ते शहाण्यासारखं सुरू झालं.

"बाकी सगळं धडधाकट आहे मामा. डिस्कच रुसलीय."

"आणि मापं?"

"त्या डिस्कवरच. दुसरीकडे कुठे ठेवली होतीस?"

मामा खाली सांडलेला भुगा गोळा करू लागले. भाचीनेही जास्त ताणलं नाही. डिस्क पिशवीत घालून ती म्हणाली, "बघते. पण शब्द देत नाही."

गुरुवारी मामांनी ओशाळत एका निवृत्त शिक्षिकाबाईंना पुन्हा माप द्यायला दुकानात बोलावलं. बाई दरवर्षी फोनवर "नेहमीचेच करा" म्हणत, मामा साठवलेल्या मापाने जोडे करत आणि घरपोच पाठवत. त्यामुळे पाय असा समोर आलाच नव्हता.

बाईंनी मोजा काढला. मामांनी कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली, आणि त्यांचा हात थांबला. हा पाय त्यांच्या ओळखीचाच नव्हता. तळवा पसरला होता, अंगठ्याचं हाड बाहेर आलं होतं, आणि त्यावर लालबुंद घट्टा होता.

"हे कधीपासून?"

"झाली असतील चार वर्षं."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही एवढ्या मायेने करता. मला वाटलं, जोडा बरोबरच असणार, माझाच पाय बिघडलाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मामांना झालं. माप त्यांनी जिवापाड जपलं होतं, पाय मात्र वाऱ्यावर सोडला होता. आणि असे आणखी दोनशे अकरा जण, बिचारे, मुकाट चालत असणार.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, डिस्क बोलली! सगळी मापं शाबूत. एकही गेलं नाही."

तीन दिवस याच वाक्यासाठी मामा देव पाण्यात घालून बसले होते.

"त्यात फोन नंबर आहेत ना? तेवढे छापून आण," ते म्हणाले.

"आणि मापं?"

"ती राहू देत."

फोन ठेवून ते पुन्हा खाली बसले, बाईंचा पाय मांडीवर घेतला. "कुठे कुठे दुखतं ते सगळं सांगा, बाई."

बाई आधी संकोचल्या, मग सांगू लागल्या. मामा लिहीत राहिले. बराच वेळ लिहीत राहिले.